कॅम्प दोनची कोळीण

माया शेजवळ लग्न होऊन बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आली, त्याच्या आधीच तिची एक बातमी जिन्यावरून खालीवर फिरली होती. मुलगा मुलीला बघायला गेला आणि पुढच्याच रविवारी मुलीनं त्याला व्हिडिओ गेममध्ये धुऊन काढलं. दुसऱ्या मजल्यावरच्या रोकड्यांच्या आकाशची ही गोष्ट म्हटल्यावर आम्हाला नवल वाटलं, कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये गेममध्ये त्याला हरवणारा कुणी नव्हता. पुढे ओळख वाढली, येणंजाणं झालं, आणि सगळी हकिकत मी त्या दोघांच्याच तोंडून ऐकली. एकानं सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं मध्येच तोडायचं, अशी ती ऐकावी लागते. मी सरळ सांगतो.

मायाचं माहेर अंबरनाथचं. वडील सोमा शेजवळ ऑर्डनन्स फॅक्टरीत. आई-वडील दोघंही कामावर, म्हणून शाळा सुटली की माया उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आत्याकडे जायची. आत्या पुतळाबाई एका साडीच्या दुकानाबाहेर मशीन टाकून फॉल-पिको करायची. शेजारचं दुकान परसूशेठचं. पुढच्या बाजूला घड्याळाचे पट्टे आणि कमरेचे बेल्ट टांगलेले, आणि मागे पडद्याआड तीन व्हिडिओ गेमची मशिनं. पडद्याआडून दिवसभर ढिशूम-ढिशूम आणि पोरांचा कल्ला. मुली तिकडे जात नसत.

एकदा पुतळाबाईच शेठला म्हणाली, "पोरगी बसून बसून कंटाळते. जरा आत बसू द्या तिला."

शेठनं एक स्टूल आत नेऊन ठेवलं आणि पोरांना दम भरला, "ये अपनी बेटी है. कोणी काय बोललं तर बाहेर."

तीन मशिनांपैकी एकावर नेहमी गर्दी असायची. त्या गेमचं नाव 'सेव्हन गेट्स'. जपानी मारामारीचा गेम. एका किल्ल्याचे सात दरवाजे, प्रत्येक दरवाज्यात एक लढवय्या उभा, आणि आपण एक निवडून त्या सगळ्यांना पाडत शेवटच्या दरवाज्यापर्यंत जायचं. शेजारी दुसरा गडी उभा राहिला तर त्याच्याशीही लढता यायचं. निवडायला पैलवान होता, साधू होता, तलवारवाला होता आणि एक म्हातारीही होती. डोक्याला फडकं, हातात होडीचं लांब वल्हं. पोरं तिला कोळीण म्हणत. ती सगळ्यात संथ, म्हणून तिला कुणी घेत नसे.

मायानं तीच घेतली. का, तर जिंकल्यावर बाकीचे सगळे छाती फुगवून उभे राहायचे आणि कोळीण मात्र खाली बसून मासे साफ करायला लागायची. ते बघून मायाला हसू यायचं. ते बघायला मिळावं म्हणून ती जिंकायला शिकली.

खेळता खेळता तिला एक डाव सापडला. कोळिणीनं वल्हं जमिनीवर आपटलं की ते उसळून वर येई. नेमक्या त्या उसळीला लाथेचं बटण दाबलं, तर कोळीण वल्ह्यावर झोका घेऊन समोरच्याच्या छातीत पाय घाली आणि तो सावरायच्या आत पुन्हा वल्हं. समोरचा उठायचाच नाही. बटण जरा लवकर किंवा जरा उशिरा दाबलं की डाव फसायचा. बाकी कुणालाच ते जमलं नाही. हळूहळू शहाडची, कॅम्प तीनची मोठमोठी पोरं तिच्याशी खेळायला यायला लागली आणि हरून जायला लागली. "कॅम्प दो की कोळीण" हे नाव तेव्हा पडलं. आत्याला ते आवडलं नाही. मायाला फार आवडलं.

कॉलेज झालं, डोळे तपासण्याचा कोर्स झाला आणि कॅम्प दोनमध्येच एका डोळ्यांच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. पेशंटच्या नाकावर जड फ्रेम ठेवायची, काचा बदलत राहायच्या आणि विचारायचं, "ही बरी की ही?" तोवर शेठची दोन मशिनं गेली होती. पोरांच्या घरी गेम आले होते, गल्लीत सायबर कॅफे निघाले होते. 'सेव्हन गेट्स' तेवढं राहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत माया कधीतरी जाऊन हात साफ करून यायची.

दोन हजार पाच संपत आलं असताना आकाश तिला बघायला आला. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. बरोबर आई, जनाबाई. वडील नाहीत. पोहे झाले, नातेवाइकांची ओळख निघाली, मग सोमा शेजवळ म्हणाले, "तुम्ही दोघं बोला की काहीतरी."

"फावल्या वेळात काय करता?" आकाशनं विचारलं.

"गेम खेळते," माया म्हणाली. "सेव्हन गेट्स म्हणून एक आहे."

जनाबाईंनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. आकाश मात्र खुर्चीत पुढे सरकला.

"माझ्याकडे तिन्ही आहेत."

"तिन्ही म्हणजे?"

"टीव्हीला लावायचा जुना कॅसेटवाला, मग सीडीवाला, आणि आता नवीन डिस्क आलीय ती. लोकांचे बिघडलेले सेट मी रिपेअर करतो ना, त्यात जमत गेले. तिन्हीवर सगळ्या फायटरनी गेम पूर्ण केलाय."

"कोळिणीनं पण?"

"एकदा केला. पण ती एकदम बेकार फायटर आहे."

मायानं चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही मशीनवर खेळलाय कधी?"

"लहान असताना थोडंफार. पण गेम तोच ना."

"रविवारी कॅम्प दोनला या," माया म्हणाली. "मग बघू."

रविवारी सोमा शेजवळ लेकीबरोबर गेले आणि परसूशेठबरोबर बाहेर चहा पीत बसले. आत आकाशनं तलवारवाला घेतला, मायानं कोळीण. पहिला डाव तिनं जिंकला, दुसराही. मग आकाशनं पैलवान घेऊन पाहिला, साधू घेऊन पाहिला. वल्हं, लाथ, वल्हं. तो उठूच शकला नाही. मागे जमलेली पोरं मजा बघत होती.

आकाश चिडला नाही, गोंधळला. "हा लाथेचा डाव माझ्या घरी नाहीये," तो म्हणाला.

"मग तुमच्या घरचा गेम खोटा."

"तिन्ही?"

"तिन्ही," माया म्हणाली. पण बघितल्याशिवाय असं बोलणं तिलाच पटेना. म्हणून पुढच्या रविवारी ती पुतळाबाईला घेऊन बदलापूरला आली.

आकाशच्या खोलीत पलंगावर, टेबलावर, खिडकीत नुसत्या वायरी. त्यानं तिन्ही सेट एकाच टीव्हीला जोडून ठेवले होते. तो लांब पलंगावर बसला, माया टीव्हीसमोर सतरंजीवर. दारात जनाबाई आणि पुतळाबाई लसूण सोलत बसल्या.

आधी कॅसेट. कोळीण पडद्यावर आली आणि मायाला ती ओळखूच येईना. वल्हं अर्धंच उरलं होतं. कॅसेटमध्ये जागा कमी, म्हणून चित्रं लहान केलेली. मागचा समुद्र नुसता निळा पट्टा, आणि जिंकल्यावर मासे नाहीत, काही नाही, बाई नुसती उभी. असली कोळीण घेऊन वाढलेला माणूस तिला बेकार म्हणणारच, हे मायाला पटलं. डाव मात्र लागला नाही.

मग सीडी. दर लढाईआधी काळा पडदा आणि नुसतं थांबणं. पण संगीत इतकं सुरेख की माया बटणं सोडून ऐकत बसली. मशीनवर ते पोरांच्या ओरडण्यात कधी ऐकूच आलं नव्हतं. वल्हं पुरतं लांब होतं, पण आपटताना मधली चित्रं गाळल्यासारखं झटक्यानं खाली यायचं. डाव इथंही लागला नाही.

शेवटी नवीन डिस्क. हे मात्र थेट मशीनसारखं. समुद्र तोच, वल्हं तेच, मासेही तेच. मायानं उसळीला लाथ मारली. कोळीण नुसती जागच्या जागी पाय झाडून उभी राहिली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. आकाशच्या तलवारवाल्यानं तिला आरामात कापली.

"सगळं तेच आहे आणि मी हरतेय," ती म्हणाली.

"रिमोटमुळे असेल," आकाश म्हणाला. "मशीनवर आपण दांडा पूर्ण हातानं फिरवतो, इथं नुसता अंगठा. पण मला विचाराल तर तिन्हीत फार फरक नाहीच. घरच्या टीव्हीवर सगळं धूसरच दिसतं. मी वायर बदलून पाहिली, टीव्ही उघडून पाहिला. मशीनसारखं स्वच्छ कधी दिसलंच नाही."

मायानं टीव्हीकडे पाहिलं, मग पलंगावर बसलेल्या आकाशकडे. तो डोळे बारीक करून बघत होता. दिवसातून किती लोकांना ती असे डोळे बारीक करताना बघत होती.

"धूसर नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही उद्या दवाखान्यात या."

"कशाला?"

"या तर."

तो आला. मायानं त्याच्या नाकावर फ्रेम चढवली, समोरची अक्षरं वाचायला लावली. वरच्या ओळी झाल्या, मग गाडी अडली. तिनं काच घातली, काढली, दुसरी घातली, जरा फिरवली.

"ही बरी की ही?"

"दुसरी."

"आता ही की आधीची?"

आकाश खुर्चीतून उठला. मग फ्रेमसकट दवाखान्याच्या दारात गेला आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून मोठ्यानं वाचायला लागला. बाकावरचे पेशंट बघत राहिले. डॉक्टरांनी नंतर तपासून सांगितलं, लांबचा नंबर आहे आणि थोडा सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबरही. कंपनीत मीटर हाताजवळ असल्यामुळे इतकी वर्षं त्याला ते कळलं नव्हतं. मशीनवरही माणूस पडद्याला नाक लावूनच खेळतो.

चष्मा आल्यावर त्यानं घरी तिन्ही गेम पुन्हा लावले आणि मायाच्या दवाखान्यात फोन केला.

"कोळिणीच्या मागं पक्षी आहेत."

"हो, आहेत."

"कॅसेटमध्ये नाहीत, सीडीत नुसते टांगलेत आणि नवीनमध्ये पंख हलवतायत. आणि तुम्ही म्हणता फरक आहे, तर खरंच फार फरक आहे."

मागून जनाबाईंचा आवाज आला, "मला आधीपासून दिसत होते रे. मला वाटलं तुला माहितीये."

माया फोनवर इतकी हसली की डॉक्टर केबिनमधून बाहेर डोकावले.

रिमोटचं कारण मात्र अजून तपासायचं राहिलं होतं. आकाशनं प्लायवूडची एक पाटी घेतली, परसूशेठकडून गेलेल्या मशिनांचा उरलेला दांडा आणि बटणं आणली आणि नव्या सेटच्या रिमोटला तारा जोडून मशीनसारखंच पॅनेल तयार केलं. बटणांमधलं अंतर त्यानं मायाला विचारून ठेवलं नाही, तिचा हात पाटीवर ठेवायला लावून तिथंच खुणा केल्या. पुतळाबाई म्हणते, तिनं तेव्हाच ओळखलं की हे लग्न होणार.

सोमा शेजवळांना मात्र घाई झाली होती. "पोरी, लोकं विचारतायत. तू नवरा निवडतेयस की गेम?"

"थांबा पप्पा, एक गोष्ट कळायचीय."

पॅनेल तयार झालं आणि माया खेळायला बसली. हाताखाली ओळखीचा दांडा, ओळखीची बटणं. वल्हं आपटलं, लाथ मारली. डाव लागला नाही. दुपारभर प्रयत्न केला, तरी नाही. सतरंजीवर हात टेकून ती बराच वेळ विचार करत बसली.

"हे तिन्ही गेम वेगवेगळ्या लोकांनी बनवलेत ना?" तिनं विचारलं.

"हो. वेगळ्या वेळी, वेगळ्या सेटसाठी."

"म्हणजे एकात चित्र लहान, एकात चित्रं कमी, एक पूर्ण. तिघांच्या चुका वेगवेगळ्या. पण हा डाव तिघांतही नाही. तिघं एकच सांगतायत. मग चूक तिघांची कशी असेल?"

आकाशच्या लक्षात आलं. त्यानं सेट बंद केला. पुढचं तीच म्हणाली, "शेठच्या मशीनमध्ये काहीतरी आहे."

परसूशेठनं दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला अर्धं शटर लावून मशीन उघडून दिलं. आकाशनं बॅटरी मारून आतला बोर्ड पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला. चिपांवर कंपनीचं नाव नव्हतं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आणि मध्येच जाड तारा सोल्डर करून जोडलेल्या.

"शेठ, हा ओरिजिनल बोर्ड नाही. कॉपी आहे. कुणीतरी आतला प्रोग्रॅम उघडून गेम जलद केलाय, म्हणजे लढाई लवकर संपते आणि पुढचं गिऱ्हाईक उभं राहतं. असे बोर्ड खूप निघाले होते, मी सायबर कॅफेत वाचलंय. त्या घाईत वल्ह्याचं गणित बिघडलं असणार. उसळीचा डाव मूळ गेममध्ये नाहीच."

शेठचा चेहरा पडला. "मी तर मुंबईहून ओरिजिनल म्हणून घेतला होता," तो म्हणाला. मग जरा वेळानं त्याच्या पोटातून हसू यायला लागलं आणि थांबेचना. "बेटी, उल्हासनगर में बैठ के तू असली ढूंढ रही थी?"

आकाश हसला. माया हसली नाही. शेठला नमस्कार करून ती बाहेर पडली आणि बाजारातून चालायला लागली. आकाश तिच्या मागोमाग. जीन्सच्या ढिगांमधून, हातगाड्यांमधून दोघं बरंच चालले. आपलं नाव झालं ते कुणा नक्कल करणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीवर, हे तिला आत कुठेतरी टोचत होतं. शाळेतली सगळी वर्षं त्या पडद्याआड गेली होती.

"त्या मशीनवर शेकडो पोरं खेळली," आकाश शेवटी म्हणाला. "मी पण खेळलो. चूक सगळ्यांसमोर होती. ती सापडली एकट्या तुला."

पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' आलं होतं.

"ते ठीक आहे," माया म्हणाली. "पण कोळीण खरी कशी लढते, ते मला माहीतच नाही. मला एकच डाव येतो आणि तो खोटा आहे."

"मग शिकू."

"शिकू म्हणजे?"

"म्हणजे दोघं. मला तरी कुठं येते ती."

त्या संध्याकाळी मायानं वडिलांना होकार सांगितला. सोमा शेजवळांनी विचारलं, "कळलं का, काय कळायचं होतं ते?" ती म्हणाली, "कळलं. मशीन खोटं निघालं. मुलगा ठीक आहे."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या बुद्धविहारात लग्न लागलं. पांढरी साडी, पांढरा शर्ट, त्रिशरण-पंचशील, आणि आम्ही बिल्डिंगवाले वाढायला. परसूशेठ सहकुटुंब आला होता. तो प्रत्येकाला सांगत होता की मुलगी त्याच्या दुकानात लहानाची मोठी झाली.

मग त्या घरात संध्याकाळी खरी कोळीण शिकणं सुरू झालं. पहिले काही महिने माया सगळ्यांकडून हरली. माझ्याकडूनही हरली, आणि मला तर बटणंही नीट माहीत नाहीत. खरी कोळीण धावून जात नाही, ती वाट बघते. वल्हं लांब आहे, समोरच्याला त्या लांबीबाहेर ठेवायचं, तो घाई करून आत आला की टोला. मायाला मारत सुटायची सवय, तिला हे वाट बघणं जमेना. ती चिडायची, पाटी बाजूला सारायची आणि भाजी चिरायला जायची. थोड्या वेळानं पुन्हा येऊन बसायची.

जनाबाई आधी नुसत्या बघायच्या. मग एकदा सून कामावर असताना त्यांनी कॅसेटवाला सेट लावला, कारण तो सगळ्यात सावकाश चालतो आणि त्यात थांबावं लागत नाही. संध्याकाळी माया घरी आली तर सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून दुसऱ्या दरवाज्यातल्या साधूशी लढत होत्या. "ह्याला मारायचा कसा ते सांग," त्या म्हणाल्या, "दुपारपासून अडलेय." त्यानंतर त्या घरात कुठला गेम चांगला यावर रोज वाद. जनाबाई कॅसेटच्या बाजूच्या. आकाशला नवीन डिस्क हवी, कारण पक्षी. माया म्हणायची, लढायला नवीन, ऐकायला सीडी. ती कधीकधी सीडी नुसती लावून ठेवायची आणि पोळ्या लाटायची.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात कॅम्प तीनमधल्या एका मोठ्या टीव्हीच्या दुकानानं जाहिरातीसाठी 'सेव्हन गेट्स'ची स्पर्धा ठेवली. नवीन डिस्क, भिंतीएवढा पडदा. मायाचं नाव परसूशेठनं तिला न विचारताच देऊन टाकलं होतं. आम्ही तिघंचौघं बदलापूरहून गेलो. तिथं कुठून कुठून तिशीला टेकलेले बाप्ये आले होते, काहींच्या कडेवर पोरं. कॅम्प दोनची कोळीण येणार, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. तो लाथेचा डाव परत बघायला मिळणार म्हणून ते पुढं सरकून उभे राहिले.

डाव दिसलाच नाही. कोळीण आली आणि उभी राहिली. समोरचा पोरगा उड्या मारत आला, टोला खाऊन गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मागून एकजण म्हणाला, "अरे, ये तो रुक के खेल रही है." पहिली लढाई जिंकली, दुसरी जिंकली, मग अर्धी स्पर्धा झाली तरी ती जिंकतच होती. प्रत्येक वेळी पडद्यावर ती म्हातारी बसून मासे साफ करायला लागली की परसूशेठ शेजारच्याच्या पाठीवर थाप मारायचा.

शेवटच्या लढाईत कल्याणचा एक कॉलेजचा मुलगा होता. त्यानंही घाई केली नाही. दोघं समोरासमोर नुसते मागेपुढे होत राहिले. एकेक डाव दोघांनी घेतला, आणि शेवटच्या डावात मायाचं वल्हं जरा लवकर पडलं. तेवढ्यात त्यानं संपवलं. मायानं त्याचा हात हातात घेऊन हलवला आणि विचारलं, "कुठल्या सेटवर प्रॅक्टिस करतोस?" दोघं तिथंच उभ्या उभ्या बोलायला लागले, बक्षीस देणारे थांबून राहिले.

आम्ही बदलापूरला परतलो तेव्हा जनाबाई जेवण झाकून वाट बघत होत्या. मायाच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"जिंकलीस?"

"नाही, हरले. दुसरी आले."

"मग पेढे कशाचे?"

"परसूशेठनी वाटले," माया पुडा सोडत म्हणाली. "म्हणाले, नकलीमध्ये पहिली होतीस, असलीमध्ये दुसरी आलीस. पेढे तर आजच."

जनाबाईंनी एक पेढा तोंडात टाकला आणि ताटं घ्यायला सांगितलं.